वारा भजी खात नाही

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली, की मराठी घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘रवा आहे का?’ हा. छपराचा प्रश्न नंतर येतो, बहुतेकदा छप्पर गेल्यावर. टीव्हीवरची बाई अजून अक्षांश-रेखांश सांगत असते, तोवर घरातला एक जण पिशवी घेऊन वाण्याकडे पोचलेलाही असतो. ‘काय हो, वादळ येतंय म्हणे?’ ‘म्हणतायत खरं. बेसन दोन किलो द्या.’ या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं वाणी विचारत नाही, कारण त्याला तो पाठ असतो. वादळ म्हणजे पाऊस, पाऊस म्हणजे भजी, भजी म्हणजे बेसन. संध्याकाळपर्यंत घरात कांदे, बटाटे, रवा, पोहे, मेणबत्त्या, बिस्किटांचे पुडे आणि रोजच्यापेक्षा दोन लिटर जास्त दूध येऊन पडतं. वीज गेली की सगळ्यात आधी हेच दूध नासणार हे घरात सर्वांना ठाऊक असतं, पण दुधाशिवाय वादळाला तोंड द्यायचं हे कुणाच्या मनाला पटत नाही. मग काकी फ्रिजचं दार कसंबसं लोटतात आणि जाहीर करतात, ‘आता येऊ दे काय यायचं ते!’ त्याच वेळी वर गच्चीवर, गळती थांबवायला म्हणून घातलेली पत्र्याची शेड गंजक्या हुकांच्या भरवशावर उभी असते. तिला कुणी काही विचारलेलं नसतं.

माझं म्हणणं असं आहे, की वादळाची तयारी आपण करतच नाही. आपण पावसाची तयारी करतो, आणि ती फार सुंदर करतो. कोकणात आगोट भरण्याची परंपरा आहे: मिरच्या, कोकमं, सुकी मासळी, लाकूडफाटा, तांदूळ, सगळं मृगाच्या आत घरात. कौलं परतून घ्यायची, पडवीला झापं बांधायची, पन्हळी साफ करायच्या. इतक्या पिढ्या हे चाललंय, की आकाशातून काही वाईट येणार म्हटलं की आपले हात आपोआप बरण्यांकडे वळतात. यात दोष अरबी समुद्राचाही आहे. भर पावसाळ्यात वरच्या आणि खालच्या थरांतले वारे निरनिराळ्या दिशांनी आणि वेगांनी धावत असल्यामुळे चक्रीवादळाला उभं राहायलाच मिळत नाही. त्यामुळे चक्रीवादळं येतात पावसाच्या अलीकडे, म्हणजे मे-जूनमध्ये, नाहीतर पलीकडे, म्हणजे ऑक्टोबरपासून पुढे. ‘निसर्ग’ आलं ते ३ जून २०२०ला, ‘तौक्ते’ २०२१च्या मे महिन्याच्या मध्यावर, आणि ‘फयान’ २००९च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन गेल्यावर. जूनच्या तोंडावर जे येतं ते पावसाच्याच वरातीतलं असणार, असं माणसाला वाटलं तर त्याला फार बोल लावता येणार नाही. फक्त वराती ओळखण्यात गल्लत झाली, की छप्पर जातं.

पाऊस आणि वारा यांच्यातला फरक तसा सोपा आहे. पाऊस वरून खाली येतो आणि घरात शिरायला बघतो. वारा आडवा येतो आणि घरातलं बाहेर न्यायला बघतो. पावसाला झाकून अडवता येतं. वाऱ्यासाठी बांधावं लागतं. आपली सगळी हुशारी झाकण्यात खर्च झालेली आहे, त्यामुळे आपण पावसासाठी जे जे करतो ते नेमकं वाऱ्याच्या सोयीचं होऊन बसतं. गच्चीवरची पत्र्याची शेड हा याचा सर्वांत उंच पुरावा. स्लॅब गळतो म्हणून तिच्यावर पत्रे घालायचे, बाजू मोकळ्या ठेवायच्या म्हणजे कपडे वाळतील, आणि चारही अंगांनी पत्रा दोन-दोन फूट पुढे काढायचा म्हणजे झड आत येणार नाही. पावसाच्या दृष्टीने हे काम निर्दोष आहे. वाऱ्याच्या दृष्टीने घराला शीड लावून ठेवलेलं आहे. आता फक्त घराला वल्ही तेवढी द्यायची राहिली.

आकड्यांत सांगायचं तर वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२०पर्यंत जात होते. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ५५-६० किलो भरतो. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असा एक पत्रा धरला, तर त्याच्या वाट्याला दीडशे किलोच्या पुढे जोर आला. पत्र्याचं स्वतःचं वजन बारा-पंधरा किलो. कडेला आणि कोपऱ्यांना हा ओढा आणखी जास्त असतो, आणि आपले हुक नेमके कडेलाच कमी असतात, कारण वेल्डिंगवाल्याने ‘मधे दिलेत की, कडेला कशाला?’ असं विचारलं होतं आणि त्यावर घरमालकाला पैसे वाचल्याचा आनंद झाला होता. हुकाखालचा रबरी वायसर दोन उन्हाळ्यांत वाळून तडकतो. तेव्हा घरमालक वर जातो, वायसरमधून पाणी गळतं म्हणून त्यावर डांबर फासतो आणि समाधानाने खाली येतो. गळती थांबली ना? मग झालं.

हुकांवर फारसा विश्वास नसेल त्यांच्यासाठी वीट आहे. पत्र्यावर, ताडपत्रीवर, कौलांच्या कोन्यावर वीट, दगड किंवा जुना टायर ठेवणे हा महाराष्ट्राचा सर्वपक्षीय, सर्वजातीय तोडगा आहे. वीट साधारण तीन किलोची. दीडशे किलोच्या ओढ्याला तीन किलोची वीट अडवणार, यामागे गणित नसून श्रद्धा आहे. नेहमीच्या वाऱ्याला ती पुरतेही, आणि तिथेच घोटाळा होतो. पन्नासच्या वाऱ्यात टिकली म्हणून विटेची कीर्ती होते, आणि ११०च्या वाऱ्यात दाब जवळजवळ पाचपट झालेला आहे, हे विटेला कुणी कळवत नाही. मग पत्रा जातो तेव्हा वीटही निघते, आणि ती कुठे उतरणार हे तिचं ती ठरवते. त्याच ३ जूनला ‘बसरा स्टार’ नावाचं अख्खं जहाज वाऱ्याने भरकटत येऊन रत्नागिरीला मिऱ्याच्या किनाऱ्यावर बंधाऱ्याला चिकटलं आणि तिथेच काही वर्षं पडून राहिलं. लोक सहलीला जाऊन त्याच्यासमोर फोटो काढायचे. फोटो काढून घरी परतणाऱ्यांपैकी कितीजणांनी ताडपत्रीवरची वीट बदलली असेल, याबद्दल मला शंका आहे.

सगळ्यात देखणी कामगिरी मात्र पाण्याच्या टाकीची. गच्चीवरची पाचशे लिटरची प्लास्टिकची टाकी भरलेली असेल तर अर्ध्या टनाची असते, आणि ती जागची हलायला वाऱ्याला बराच विचार करावा लागतो. रिकामी असेल तर ती एका माणसाला उचलता येते, मग वाऱ्याला का येऊ नये? आता वादळाच्या आदल्या दिवशी आपण काय करतो? ‘लाइट जाणार, पाणी भरून ठेवा’ असा हुकूम सुटतो. बादल्या, घागरी, पिंप, पातेली, आंघोळीचा टब, मिक्सरची भांडी, चहाचे थर्मास, जे पोकळ असेल ते भरलं जातं. कुठल्या पाण्याने? टाकीतल्या. मोठा पंप आधीच बंद, कारण सावधगिरी म्हणून मेन स्विच खाली केलेला. खालचं घर पाण्याने तुडुंब आणि वरची टाकी ठणठणीत कोरडी, अशी फेरवाटणी पूर्ण झाली, की तात्या हात पुसत म्हणतात, ‘आता चार दिवस पाण्याला तोटा नाही.’ खरं आहे. तोटा टाकीला आहे. दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या वाडीत सापडते आणि ‘आमची आहे’ म्हणून सांगायला तीन घरं पुढे येतात.

इथे पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो ओसरीवरच्या आरामखुर्चीतून येतो. ‘आमचं घर शंभर वर्षं उभं आहे. असली वादळं पुष्कळ पाहिलीत त्याने.’ या आक्षेपाचा मान ठेवला पाहिजे, कारण जुन्या घरात अक्कल होती. ते बुटकं असे, माडापोफळींच्या आडोशाला असे, आणि त्याच्या छपराचे हजार तुकडे असत. कौलांच्या फटींतून वारा थोडा आत-बाहेर करतो, दाब सुटतो. गेलीच तर पन्नास-शंभर कौलं जातात, सगळं छप्पर एकदम पंख फुटल्यागत उठत नाही. तरीही ‘निसर्गा’त किती तरी कौलारू घरं सोलून निघाली. शिवाय ज्या घराचे शंभर वाढदिवस सांगितले जातात, त्यातल्या भिंती तेवढ्या शंभर वर्षांच्या असतात. मागची पडवी पत्र्याची असते, न्हाणीघरावर सिमेंटचा पत्रा असतो, पुढच्या अंगणावर मुलाच्या लग्नात मांडवाऐवजी कायमची शेड घातलेली असते, आणि माळ्यावरचे वासे वाळवीने कधीच आपल्या नावावर करून घेतलेले असतात. आजोबांनी बांधलेल्या घराच्या पुण्याईवर नातवाने घातलेली शेड टिकत नाही. आडोशाच्या झाडांचंही तेच. माड वाकतो आणि बराच सोसतो. पोफळ बिचारी काटकुळी. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव मोठं, पण त्या दुपारी वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आंब्याची घराकडे झुकलेली फांदी वेळीच छाटा म्हणावं, तर ‘मोहोर येऊ दे’, मग ‘कैऱ्या धरल्यात’, मग ‘आता आढी लागू दे’ असं करत तिला मुदतवाढ मिळत जाते. शेवटी ती स्वतःच उतरते, कैऱ्यांसकट, स्वयंपाकघरात.

खिडक्यांच्या बाबतीत मात्र घराघरात दोन शास्त्रीय पंथ आहेत. पहिला पंथ चिकटपट्टीवाल्यांचा. काचेवर फुलीच्या आकारात पट्टी चिकटवली की काच फुटत नाही, अशी त्यांची धारणा. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या खिडक्यांवर अशा पट्ट्या लावत, त्या तुकडे चौफेर उडू नयेत म्हणून. काच मजबूत होते असं कुणी म्हटलेलं नव्हतं. अमेरिकेत दरवर्षी ही वादळं झेलणाऱ्या यंत्रणा आता पट्टी लावूच नका म्हणून कानीकपाळी ओरडतात, कारण पट्टीने काच वाचत नाही, फक्त तुकडे मोठे होतात. आपल्याकडे मात्र पट्टी लावल्याने घर वादळासाठी नटल्यासारखं दिसतं, मुलांना काम मिळतं, आणि पुढची दोन वर्षं डिंकाचे डाग खरवडताना वादळाची आठवण ताजी राहते. दुसरा पंथ ‘आरपार’वाल्यांचा. ‘सगळ्या खिडक्या उघड्या ठेवा. वारा इकडून येईल, तिकडून जाईल. कोंडला की स्फोट होतो.’ हे सांगणारे गृहस्थ सहसा निवृत्त असतात आणि भौतिकशास्त्राला त्यांनी शाळेनंतर हात लावलेला नसतो. वारा पाहुण्यासारखा पुढच्या दाराने येऊन मागच्या दाराने जाईल, ही अपेक्षाच मुळात संस्कारांची आहे. प्रत्यक्षात छपरावरून वाहणारा वारा छप्पर वर ओढत असतो, आणि वाऱ्याकडची खिडकी उघडी राहिली की आत शिरलेली हवा तेच छप्पर खालून ढकलते. एकजण ओढतोय, एकजण ढकलतोय, आणि मध्ये छप्पर. ते किती वेळ सभ्यपणे बसणार? खिडक्या-दारं घट्ट बंद, कड्या-अडसर लावलेले, आणि माणसं काचेपासून लांब, आतल्या खोलीत, हे एवढंच करायचं असतं. फ्लॉरिडातून भाच्याचा व्हिडिओ कॉल येतो, ‘मामा, खिडक्यांना बाहेरून प्लायवूड मारलं का?’ मामा शांतपणे सांगतात, ‘अरे, होतं एक. त्याचं तुझ्या मामीने देवघर केलं.’

मुंबईकर इथपर्यंत हसत वाचत आला असेल, कारण त्याच्याकडे वेगळा आक्षेप तयार असतो. ‘वादळ मुंबईला येत नाही. दरवेळी वळतं.’ का वळतं, याची त्याच्याकडे मुंबादेवीपासून सिद्धिविनायकापर्यंत सविस्तर कारणमीमांसा आहे. ‘निसर्ग’ दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तेव्हा मुंबईत सुटकेचा निःश्वास इतका मोठा निघाला, की तोच एक झोत धरावा. पण वळलं म्हणजे कुणाकडे तरी वळलं. मुंबईचा कौल म्हणजे श्रीवर्धनची कौलं. शिवाय वळून गेलेलं वादळ काही हात हलवत जात नाही. ‘तौक्ते’ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढलंच नाही, ते थेट गुजरातेत उतरलं. तरी जाता जाता सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे विजेचे खांब, आंब्याच्या बागा आणि घरांची छपरं हिशेबात धरूनच गेलं. मुंबईच्या इतिहासाचंही गमतीदार आहे. १८८२च्या जूनमध्ये म्हणे मुंबईत वादळाने लाखभर माणसं गेली, असं इंटरनेटवर ठोकून दिलेलं सापडतं. त्या काळच्या नोंदींत असल्या वादळाचा मागमूस नाही. याउलट १९४८च्या नोव्हेंबरात खरोखर वादळाने मुंबईला झोडपलं होतं, ते कुणाच्या लक्षात नाही. न झालेल्या वादळाची धास्ती आणि झालेल्याचा विसर, अशी दुहेरी तयारी करून मुंबईकर चौदाव्या मजल्यावर राहतो आणि खिडकीबाहेरच्या जाळीत सोळा कुंड्या, एक जुनी सायकल आणि फुटकी बादली ठेवतो. उंचीवर वारा जास्त असतो आणि कुंडी खाली जाताना कुणाचा मजला विचारत नाही. तसं वाऱ्याला नाव मिळावं लागतं असंही नाही. १३ मे २०२४ला घाटकोपरला आलेल्या साध्या वळवाच्या वाऱ्याने जो फलक पडला, तो चाळीस बाय चाळीस फुटांची मर्यादा असताना १२० बाय १२०चा होता. त्याच्याखाली सतरा माणसं गेली. यावर विनोद होत नाही.

हवामान खात्यावरचा राग हा तर राष्ट्रीय आक्षेप आहे. ‘त्यांनी ऊन सांगितलं की छत्री घ्यावी.’ हा विनोद जुना असून आता खोटाही झालाय. चक्रीवादळाचा पहिला सावधगिरीचा सांगावा ७२ तास आधी येतो, मग ४८, मग २४, आणि किनाऱ्यावर चढल्यानंतर आत कुठे जाईल ते १२ तास आधी. मुलीच्या सासरची माणसंसुद्धा इतकी वर्दी देऊन येत नाहीत. अडचण ऐकणाऱ्याकडे आहे. नकाशावर वादळाच्या संभाव्य वाटेचा एक रुंद होत जाणारा पट्टा दाखवतात. त्याचा अर्थ, या पट्ट्यात कुठेही. आपण बघतो मधली रेघ. रेघ अलिबागवरून गेली की मुरूडचा माणूस निवांत, आणि रेघ मुरूडवर सरकली की श्रीवर्धनचा. बाहत्तर तासांतले पहिले चोवीस तास ‘येणार नाही’ म्हणण्यात जातात, दुसरे चोवीस ‘इथे येणार नाही’ म्हणण्यात, आणि उरलेले वाण्याच्या रांगेत. बंदरावर बावटा लागलेला असतो. कोळ्यांना त्याची भाषा कळते, तीन नंबर लागला की ते होड्या ओढून वर घेतात आणि दोर आवळायला बसतात. बांधणं म्हणजे काय हे किनाऱ्यावर त्यांनाच नीट कळलेलं आहे, पण बेसन विकत घेताना त्यांचा सल्ला कोण घेतो? या बावट्यांची गंमत अशी, की त्यांचे नंबर अकरापर्यंत आहेत. दहावा म्हणजे सर्वांत मोठा धोका. मग अकरावा कशाला? तर वादळाची सूचना देणाऱ्या कचेरीशी संपर्कच तुटला आणि इथलं लक्षण काही बरं दिसत नाही, असं सांगायला. घरोघरी हा अकरावा बावटा साधारण दुपारी लागतो, मोबाइलची बॅटरी संपली की. आदल्या रात्रीपासून शंभर टक्के भरून ठेवलेली ती बॅटरी ‘वादळ येतंय, काळजी घ्या’ असे संदेश एकमेकांना पाठवण्यात खर्च झालेली असते.

घर सोडून निवाऱ्याला जायचं का, हा प्रश्न आला की वादळ बाहेरचं राहत नाही. सरकारी माणूस दारात उभा असतो. ‘आजोबा, चला, शाळेत सोय केली आहे.’ ‘वारा येतोय ना? वाघ तर येत नाही?’ २०२०मध्ये तर मजाच होती. करोनामुळे दोन महिने सरकार सांगत होतं, घराबाहेर पडू नका. आणि जूनच्या आरंभी किनाऱ्यावर सांगू लागलं, घरात राहू नका. आजोबांनी विचारलं असेल, ‘एक काय ते ठरवा’, तर त्यांचं काय चुकलं? पण घर कच्चं असेल, समुद्राला लागून असेल, तर जावंच लागतं, आणि जाताना बरोबर काय घ्यायचं यावर कुटुंबाचं खरं रूप कळतं. रेशनकार्ड, आधार, सातबारा आणि रोजची औषधं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, हे पाच मिनिटांचं काम. त्यातला सातबारा ‘जपून ठेवलेला’ असतो, म्हणजे कुणालाच सापडत नाही. तो शोधताना १९९४ची लग्नपत्रिका सापडते आणि तिच्यावर अर्धा तास जातो. रक्तदाबाच्या गोळ्या फ्रिजवर राहतात. लोणच्याची बरणी मात्र टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन सुखरूप नेली जाते.

आणि समजा, हे सगळं पार पडलं, वारा आला, तासभर घर हललं आणि एकाएकी सगळं थांबलं. पान हलत नाही, थोडं ऊनही पडतं. ‘गेलं!’ म्हणत सगळा गाव अंगणात. कुणी कैऱ्या वेचतंय, कुणी पत्रा शोधतंय, एकजण पडलेल्या माडावर पाय ठेवून फोटो काढून घेतोय. वादळाचा डोळा डोक्यावरून जात असतो तो हा. त्याची दुसरी बाजू यायची असते आणि ती उलट दिशेने येते, म्हणजे इतका वेळ आडोशाला असलेली भिंत आता समोर. पहिल्या फेरीत अर्धवट सैल झालेलं सगळं दुसऱ्या फेरीत नेलं जातं. अधिकृत सूचना येईपर्यंत बाहेर पडू नका असं सांगतात ते याचसाठी; पण कैऱ्या आधी शेजाऱ्याने वेचल्या तर?

आता शेवटचा आक्षेप, आणि तो स्वयंपाकघरातून येतो म्हणून सर्वांत वजनदार आहे. ‘एवढं बोलताय, पण वादळानंतर पोटाला काय घालणार होता? हुक?’ हे बिनतोड आहे. ‘निसर्गा’नंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे नव्हती, फोन मुके झाले होते, विहीर होती पण पंप चालत नव्हता आणि रहाट केव्हाच भंगारात गेला होता. त्या दिवसांत पोहे, गूळ, काडेपेटी, पाण्याची पिंपं यांनीच घरं तगवली, आणि ती काकींनीच भरलेली होती. माझी तक्रार बेसनाबद्दल नाहीच. क्रमाबद्दल आहे. आगोटीचा डबा छपराखाली ठेवायचा असतो, म्हणून आधी छप्पर. आठ माणसांच्या घरात रवा आणायला पाच जण उठतात, गच्चीवर एकही जात नाही. आणि गेलाच तर वाळत घातलेले कपडे काढून खाली येतो. त्या पाचांतल्या दोघांनी शिडी धरली, कडेच्या आणि कोपऱ्यांच्या पत्र्यांना दुप्पट हुक मारून घेतले, विटा-टायर-कुंड्या खाली उतरवल्या, टाकी काठोकाठ भरून तिला दोराने आवळली आणि गोठ्यातल्या जनावरांची दावी सोडली, तर उरलेल्या तिघांनी खुशाल भजी तळावीत. हे काम वाऱ्याच्या दिवशी करायचं नसतं, एवढं ध्यानात ठेवा. त्या दिवशी शिडीवर चढणारा माणूस हा छपरावरचा आणखी एक सुटा पत्रा असतो.

वादळाकडची तयारी म्हणाल तर ती चोख आहे. उत्तर हिंदी महासागरातल्या चक्रीवादळांसाठी तेरा देशांनी प्रत्येकी तेरा, अशी १६९ नावं २०२० सालीच ठरवून ठेवली आहेत. ‘निसर्ग’ हे त्यातलं पहिलं. भारताच्या वाट्याची ‘गती’ आणि ‘तेज’ वापरून झाली. ‘प्रभंजन’ आणि ‘वेग’ रांगेत उभी आहेत.